टोरांटोच्या हिवाळ्यात कार्यालयासाठी लोकरी कोट: दोन हिवाळे वापरल्यानंतरचे परीक्षण

ज्या कोटाविषयी मी लिहीत आहे तो गडद राखाडी रंगाचा, गुडघ्याखाली चार बोटे पोहोचणारा लोकरी कोट असून नोव्हेंबर २०२३ मध्ये टोरांटोच्या मध्यवर्ती भागातील एका दुकानातून मी तो घेतला. किंमत ४२० डॉलर आणि त्यावर १३ टक्के विक्रीकर धरून ४७४ डॉलर ६० सेंट मोजावे लागले. लग्नातला शालू सोडला तर एका कपड्यावर एवढी रक्कम मी कधीच खर्च केली नव्हती, त्यामुळे घेण्याआधी तीन आठवडे दुकाने पालथी घातली. दोन पूर्ण हिवाळे तो रोज अंगावर वागवल्यानंतर त्याच्याविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते. भारतातून नोकरीसाठी नव्याने येणाऱ्यांना पहिल्या हिवाळ्यात कोट कसा पारखावा हे सांगणारे घरात कोणी नसते, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहीत आहे.

आधी माझा रोजचा प्रवास सांगते, कारण कोटाची निवड त्यावरच ठरते. घरापासून पोर्ट क्रेडिट स्थानकापर्यंत बारा मिनिटे चालणे, फलाटावर पाच ते दहा मिनिटे उभे राहणे, ‘गो ट्रेन’ या उपनगरी गाडीने साधारण अर्ध्या तासात शहराच्या मध्यभागचे युनियन स्टेशन, आणि तेथून ‘पाथ’ या भुयारी मार्गाने कार्यालय. हा भुयारी मार्ग सुमारे ३० किलोमीटर पसरलेला असल्यामुळे शहराच्या मध्यभागी उघड्यावर पाऊल टाकण्याची वेळ फारशी येत नाही. म्हणजे खरी थंडी सकाळची वीस मिनिटे आणि संध्याकाळची वीस मिनिटे; बाकी सर्व वेळ गरम केलेला डबा, गरम भुयार आणि गरम इमारत. पण ती वीस मिनिटे सोपी नसतात. जानेवारीत येथील किमान तापमान सरासरीने उणे ७ ते उणे १० अंशांच्या आसपास असते आणि स्थानक ओंटारिओ सरोवरापासून जवळ असल्याने वारा अंगावर थेट येतो. पारा उणे १० वर असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे २० सारखी लागते. अशा वेळी कोटाने वारा अडवला पाहिजे, आणि डब्यात शिरल्यावर क्षणात मोकळाही करता आला पाहिजे. मी दुकानांतून हिंडले ते या दोन गोष्टी एकत्र शोधत.

हा कोट घेण्याआधी, टोरांटोतल्या पहिल्या हिवाळ्यात मी नाशिकहून आणलेला कोट घालत होते. निफाडची थंडी लहानपणापासून अनुभवलेली असल्याने तो पुरेल अशी माझी समजूत होती. तो दिसायला लोकरी होता, हाताला जाडही लागे, पण आत कसल्या धाग्याचे कापड आहे याची चिठ्ठी त्यावर नव्हती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फलाटावर उभी असताना बटणांच्या मधल्या फटींतून आणि बाह्यांतून वारा असा शिरला की आत दोन स्वेटर असूनही हुडहुडी थांबेना. जाडी आणि ऊब या वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या दिवशी कळले. ऊब देते ती कापडात अडकून राहिलेली स्थिर हवा, आणि वारा आरपार जाऊ लागला की ती हवा टिकत नाही.

साहजिकच सहकाऱ्यांनी पिसांचा पार्का, म्हणजे आत पिसे भरलेला फुगीर कोट, घेण्याचा सल्ला दिला. टोरांटोच्या रस्त्यांवर तो सर्वांत जास्त दिसतो. १९५७ मध्ये याच शहरात सुरू झालेल्या ‘कॅनडा गूज’चे पार्का तर हजार डॉलरच्या पुढे असूनही लोक आवडीने घेतात. पिसांची प्रत ‘फिल पॉवर’ने मोजतात. एक औंस पीस किती घन इंच जागा व्यापते तो हा आकडा. तो जितका मोठा तितके पीस फुलून बसते आणि कमी वजनात जास्त हवा धरते. मी ६०० फिल पॉवरचा एक पार्का घालून पाहिला आणि उबेच्या बाबतीत तो मी नंतर घेतलेल्या कोटापेक्षा सरस होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. परंतु ब्लेझरवर तो घातला की खांदे दबतात, ब्लेझरची कॉलर चुरगळते आणि गर्दीच्या डब्यात शेजाऱ्याला टेकून उभे राहताना आत घाम सुटतो. ग्राहकांच्या बैठकीला थेट बाहेरून जावे लागते तेव्हा तो पेहरावाशी जुळत नाही, ही अडचण माझ्यासाठी लहान नव्हती. ज्यांना बसथांब्यावर रोज अर्धा तास ताटकळावे लागते त्यांनी मात्र माझे हे आक्षेप बाजूला ठेवून पार्काच घ्यावा.

लोकरी कोट पाहायला सुरुवात केली तेव्हा मी सर्वांत आधी आतली चिठ्ठी वाचायचे. कपड्यात कोणता धागा किती टक्के आहे हे लिहिणे कॅनडात कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे बाहेर मोठ्या अक्षरांत ‘लोकरी मिश्रण’ लिहिलेल्या कोटात प्रत्यक्षात लोकर कितीशी आहे हे अर्ध्या मिनिटात कळते. मी घेतलेल्या कोटात ८० टक्के लोकर आणि २० टक्के नायलॉन आहे. शुद्ध लोकर अधिक चांगली असे आधी वाटले होते, पण रोजच्या घर्षणात नायलॉनमुळे कापड टिकते असे विक्रेत्यांनी सांगितले आणि दोन वर्षांच्या वापरानंतर मला ते पटले आहे. कापड मेल्टन प्रकारचे, म्हणजे विणल्यानंतर दाबून घट्ट केलेले आहे. दुकानातल्या दिव्यासमोर धरले तर त्यातून उजेडाचा ठिपकाही दिसत नाही आणि मुठीत आवळून सोडले तर सुरकुती लगेच नाहीशी होते.

त्या दुकानातले एक वयस्कर विक्रेते गृहस्थ मला फार उपयोगी पडले. त्यांनी आधी मला ब्लेझर घालायला लावला, मग त्यावर कोट चढवायला सांगितला, आणि म्हणाले की आता डब्यातली दांडी धरल्यासारखा हात वर करा. हात वर करताच पहिल्या कोटाची पाठ ताणली गेली आणि बाही मनगटापासून वर सरकली. तोच कोट एक माप मोठा घेतल्यावर बाही जागेवर राहिली. नंतर त्यांनी खुर्चीवर बसायला लावले, कारण लांब कोटाची सर्व बटणे लावून बसले की तो मांड्यांवर आवळतो. या तपासण्या मी पूर्वी कधी केल्या नव्हत्या, आणि आता कोट घेताना कोणाला सोबत हवी असेल तर मी त्यांना ब्लेझर घालूनच यायला सांगते.

या कोटाची खरी करामत आत आहे. बटणांच्या पट्टीमागे कमरेपासून मानेपर्यंत एक वेगळी बंडी चेनने जोडलेली आहे. तिची कॉलर उंच असून हनुवटीपर्यंत येते, आणि बाहेरची बटणे उघडी असली तरी ही बंडी बंद ठेवली की छातीवर वारा लागत नाही. बाह्यांच्या आत, बाहेरून दिसणार नाही अशा बेताने, विणलेली पट्टी शिवली आहे जी मनगटाला घट्ट बसते. माझ्या जुन्या कोटाची सर्वांत मोठी उणीव ती नेमकी भरून काढते. अस्तर आणि कापड यांच्यामध्ये कृत्रिम धाग्याचा पातळ थर आहे. बंडीची चेन दोन्ही बाजूंनी उघडते, त्यामुळे गाडीत बसताना ती खालून सोडता येते आणि डबा तापला की वरून. युनियन स्टेशनला उतरताना मी चालता चालता हे एका हाताने करते.

नवा कोट घेणाऱ्यांसाठी एक बारीक सूचना. कोटाच्या मागे खालच्या बाजूला असलेल्या चिरेवर फुलीच्या आकाराचा जाड धागा आणि बाहीवर बाहेरून टाचलेली कंपनीची चिठ्ठी असते. दोन्ही केवळ दुकानातल्या मांडणीपुरती असतात आणि घरी आल्यावर कात्रीने काढायची असतात. मी ती फुली शोभेची शिवण समजून तीन आठवडे तशीच ठेवली होती. जिना चढताना कोट पायांत का अडतो हे सहकारी मैत्रिणीने दाखवल्यावर उमगले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आठवडाभरात लागोपाठ हिमवादळे आली तेव्हा कोटाची कसोटी लागली. गाड्या उशिरा धावत होत्या आणि एका संध्याकाळी मी फलाटावर पस्तीस मिनिटे उभी होते. पहिली वीस मिनिटे धड उबदार होते. त्यानंतर मांड्या गार पडू लागल्या, कारण बंडी कमरेपर्यंतच आहे. आत पातळ लोकरी थर्मल असते तर तेही निभावले असते. कोरडा बर्फ कापडावरून झटकून जातो. अर्धवट वितळलेला बर्फ पडत असेल तर मात्र लोकर पाणी धरते, कोट जड होतो आणि रात्रभर हँगरवर टांगल्याशिवाय वाळत नाही. वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे २८ च्या खाली गेली की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. अशा दिवशी मी हा कोट घालत नाही, शक्य असेल तर घरूनच काम करते. कोटाला टोपी नसल्यामुळे कानटोपी आणि मफलर वेगळे बाळगावे लागतात, हेही लक्षात घ्यावे.

तक्रारी आहेत. तिसऱ्या आठवड्यात वरून दुसरे बटण गळले. दुकानाने ते विनामूल्य लावून दिले, तरी एवढ्या किमतीच्या कोटाचे बटण एकेरी धाग्याने लावलेले असावे हे मला खटकले आणि उरलेली सर्व बटणे मी घरी दुहेरी धाग्याने, मागे छोटे बटण देऊन, पुन्हा पक्की केली. खिसे उथळ आहेत. जाड हातमोज्यासकट हात आत जात नाही आणि कार्ड काढताना मोजा खाली पडतो. पाठीवरच्या पिशवीचे पट्टे घासून खांद्यांवर लोकरीचे बारीक गोळे धरू लागले, तेव्हापासून मी लॅपटॉप हातातल्या पिशवीत नेते. रस्त्यांवर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग खालच्या कडेला पडतात. पाण्यात थोडे व्हिनेगर घालून ओल्या फडक्याने पुसले की ते जातात.

खरेदीच्या वेळेबाबत सांगायचे तर २६ डिसेंबरच्या बॉक्सिंग डे विक्रीत असे कोट बरेच स्वस्त मिळतात, पण तोवर मधली मापे संपलेली असतात आणि थंडीचा एक महिना उलटलेला असतो. माप आधी घालून पाहिलेले असेल तरच त्या दिवसाची वाट पाहावी.

एप्रिलअखेर मी कोट ड्रायक्लीन करून घेते, कारण घामाचे व अन्नाचे डाग राहिले की कसर लागते. प्लास्टिकचे आवरण काढून टाकते, खिसे उलटे करून झटकते, आणि जुन्या सुती चादरीत गुंडाळून देवदाराच्या लाकडाच्या तुकड्यांसह कपाटात टांगते. गेल्या ऑक्टोबरमध्ये बाहेर काढून खिडकीच्या उजेडात कॉलरपासून कडेपर्यंत तपासला, तेव्हा कापडाला एकही भोक नव्हते आणि दुहेरी धाग्याने लावलेली सर्व बटणे जागच्या जागी होती.