शील्ड घ्यायचं की मेज आर्मर?

दोन्ही बचावाचे मंत्र. पहिल्या लेव्हलचा विझार्ड (जादूगार), स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) दोनच, मग हा घोळ होणारच. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा रोलप्लेइंग गेम) पाचव्या एडिशनचं बोलतोय.

खर्च सारखाच, एक स्लॉट. पण मेज आर्मर 8 तास टिकतं, कॉन्सन्ट्रेशनही (मंत्र टिकवायची एकाग्रता) लागत नाही, डेक्स (चपळाई) 14 असेल तर एसी (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) 12 चा थेट 15, फक्त अंगात चिलखत नको. शील्ड तुमचा पुढचा टर्न सुरू झाला की संपलं.

पण शील्डची खरी मजा म्हणजे ते वार लागल्यावर टाकायचं. एसी 15, गॉब्लिनच्या फाशाचा टोटल 18, तुम्ही रिअ‍ॅक्शन (काही घडल्याबरोबर करायची झटपट कृती) वापरून शील्ड टाकलं, +5 मिळून एसी 20, वार हुकला. वाद इथेच होतात, लागलेला वार हुकेल कसा म्हणून, अहो नियमातच लिहिलंय की त्या वारालाही +5 धरायचा! मॅजिक मिसाइल या मंत्राचं तर शील्डसमोर काहीच चालत नाही. नॅचरल 20 (फाशावरच 20 पडणं) मात्र लागतोच, आणि फायरबॉल मंत्रासमोर दोन्ही बिनकामाची, तिथे एसी नाही, सेव्ह (वाचण्यासाठी तुम्हीच टाकायचा फासा) असतो. डीएम (खेळ चालवणारा) टोटल सांगत नसेल तर शील्ड म्हणजे जुगारच.

दिवसभर छोट्या मारामाऱ्या असतील तर मेज आर्मर. एखादीच मोठी फाइट असेल किंवा चिलखत घालता येत असेल तर डोळे झाकून शील्ड.