ब्लू आयरिस, एजंट डीव्हीआर की फ्रिगेट: ‘नो सिग्नल’ आल्यावर कोण कारण सांगतं?

सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप सोडून बघण्या-रेकॉर्ड करण्यासाठी दुसरं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की बहुतेक जण फीचर्सची यादी मांडून बसतात. माणूस ओळखतं का, मोबाइलवर सूचना येते का, किती दिवसांचं फुटेज राहतं. पण हे सगळं चित्र दिसायला लागल्यानंतरचं. सुरुवातीचे तास जातात ते काळ्या चौकोनाकडे बघण्यात. म्हणून ब्लू आयरिस, एजंट डीव्हीआर आणि फ्रिगेट या तीन सॉफ्टवेअरना मी एकच प्रश्न विचारतो: जोडणी अडली तर नेमकं कुठे अडलं हे तू सांगतोस का?

त्याआधी व्हीएलसी, म्हणजे संगणकावरचं व्हिडिओ प्लेअर. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम आहे, आणि दोष कॅमेऱ्याकडे की सॉफ्टवेअरकडे याचा निकाल बऱ्याचदा तिथेच लागतो. ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’मध्ये कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता (नेटवर्कवरून थेट चित्र मागवण्याचा पत्ता) टाकायचा. पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरचं दार, सहसा ५५४. हिकव्हिजनच्या पत्त्याच्या शेवटी १०१ असेल तर तो पहिल्या कॅमेऱ्याचा मुख्य स्ट्रीम, १०२ म्हणजे त्याचाच सबस्ट्रीम, कमी दर्जाचा आणि हलका. दाहुआ आणि सीपी प्लसच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये चॅनेल क्रमांकानंतर ‘सबटाइप’ असतो: ० मुख्य, १ सब. टॅपोला नुसतं ‘स्ट्रीम१’ किंवा ‘स्ट्रीम२’ पुरतं, पण ॲपचं लॉगिन इथे चालत नाही. ॲपच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘कॅमेरा अकाउंट’ वेगळं बनवावं लागतं. बॅटरीवरचे टॅपो कॅमेरे सहसा आरटीएसपी देत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी पुढचं काहीच वाचू नका.

पासवर्डात @ असेल तर पत्ता तिथेच तुटतो, कारण @ नंतरचा भाग आयपी (कॅमेऱ्याचा नेटवर्कवरचा क्रमांक) समजला जातो. त्याऐवजी %४० लिहा, नाहीतर पासवर्ड साधा अक्षरं-आकडे असा ठेवा आणि लांब ठेवा. व्हीएलसीत चित्र आलं तर कॅमेरा, केबल, पासवर्ड सगळं ठीक आहे, आता सॉफ्टवेअरला पकडा.

ब्लू आयरिस फक्त विंडोजवर चालतं आणि लायसन्स विकत घ्यावं लागतं. दुकानात एक पीसी दिवसभर चालूच असेल, तर तिघांपैकी मी हेच सुचवीन. कॅमेऱ्याचा आयपी, युजर आणि पासवर्ड भरून ‘फाइंड/इन्स्पेक्ट’ दाबलं की ते ओएनव्हीआयएफवरून (वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांची सामाईक भाषा) कॅमेऱ्याला विचारतं आणि दोन्ही स्ट्रीमचे पत्ते स्वतः भरतं. स्टेटस खिडकीत प्रत्येक कॅमेऱ्यासमोर एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) आणि की-फ्रेमचा (म्हणजेच आय-फ्रेम, सेकंदाला किती पूर्ण चित्रं) आकडा दिसतो. की-फ्रेमचा आकडा १.०० च्या आसपास हवा. ०.२५ वगैरे दिसला तर समजा कॅमेऱ्यात ‘एच.२६४+’ किंवा ‘एच.२६५+’ (जागा वाचवणारं जास्तीचं कॉम्प्रेशन) चालू राहिलंय, किंवा आय-फ्रेमचं अंतर फार मोठं आहे. मग हालचाल सुरू झाल्यावर रेकॉर्डिंग काही सेकंद उशिरा पकडतं आणि लोक उगाच सेन्सिटिव्हिटी वाढवत बसतात. प्लस बंद करा, आय-फ्रेमचा आकडा एफपीएसइतकाच ठेवा.

ओएनव्हीआयएफवर इतकं विसंबून राहणं हीच ब्लू आयरिसची दुखरी बाजूही आहे. हिकव्हिजनच्या नव्या फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) ओएनव्हीआयएफ मुळात बंद असतं. नेटवर्कच्या प्रगत भागात ‘इंटिग्रेशन प्रोटोकॉल’मध्ये जाऊन ते चालू करायचं आणि तिथेच त्याचा वेगळा युजर बनवायचा. ॲडमिनचा पासवर्ड बरोबर असूनही इथे नकार मिळतो, तो बहुधा यामुळेच.

दुसरं कारण त्याहून चकवणारं आहे: घड्याळ. ओएनव्हीआयएफचं लॉगिन पाठवताना त्यात वेळेचा शिक्काही जातो. लाइट जाऊन आली, कॅमेऱ्याची वेळ मागे पडली किंवा थेट १९७० वर गेली, की तो शिक्का कॅमेऱ्याच्या वेळेशी जुळत नाही आणि कॅमेरा लॉगिन नाकारतो. ब्राउझरमधून त्याच पासवर्डने आत जाता येतं, आरटीएसपीही चालतं, फक्त ओएनव्हीआयएफ ‘अनऑथराइज्ड’ म्हणतं. इलाज म्हणजे एनटीपी, नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळवणारी सोय. आणि कॅमेऱ्यांचं इंटरनेट मुद्दाम तोडलं असेल (तोडलेलं बरंच), तर घरातल्याच राउटरला किंवा पीसीला एनटीपी सर्व्हर करा.

एजंट डीव्हीआर हे आय-स्पाय या जुन्या कॅमेरा सॉफ्टवेअरच्याच मंडळींचं. विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हीवर बसतं आणि ब्राउझरमध्ये ८०९० पोर्टवर उघडतं. घरच्या वापराला स्थानिक नेटवर्कवर पैसे नाहीत. बाहेरून त्यांच्या पोर्टलमार्फत बघायचं असेल किंवा धंद्यासाठी वापरायचं असेल, तर मात्र पैसे लागतात. कॅमेऱ्याची कंपनी निवडली की संभाव्य पत्त्यांची यादी समोर येते. नवख्याला हे सोपं वाटतं, आणि आहेही. धोका एकच: पासवर्ड चुकीचा असताना एकामागून एक पत्ते तपासत राहिलात, तर कॅमेऱ्यातलं ‘इल्लीगल लॉगिन लॉक’ जागं होतं. त्यानंतर बरोबर पासवर्डही काही काळ नाकारला जातो आणि माणूस पार गोंधळतो. अशा वेळी सगळं बंद करून चहा प्या, अर्ध्या तासाने पुन्हा बघा. कारण सांगण्याच्या बाबतीत एजंट मधला आहे: लॉगच्या पानावर माहिती असते, पण तिथवर जायचं सुचायला हवं.

फ्रिगेट मोफत आणि मुक्त स्रोत आहे, डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या सोयीत) चालतं, आणि होम असिस्टंट हे स्मार्ट घराचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा ओढा तिकडे असतो. त्याची सेटिंग वायएएमएल नावाच्या मजकुराच्या फाइलमध्ये हाताने लिहावी लागतात आणि तिच्यात दोन स्पेस इकडच्या तिकडे झाल्या तर ते नीट सुरूच होत नाही. ‘माझ्या मेहुण्याला जमेल का?’ असं कोणी विचारलं तर मी नाही म्हणतो. पण बिघाड शोधायचा असेल तर माझ्या मते हेच सगळ्यात प्रामाणिक. लॉगमध्ये एफएफएमपेगचा (चित्र ओढून घेणाऱ्या आतल्या प्रोग्रामचा) निरोप जसाच्या तसा येतो. ४०१ म्हणजे युजर-पासवर्ड. ४०४ म्हणजे कॅमेरा भेटला, लॉगिनही बहुधा चाललं, पत्त्याची शेपटी चुकली. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे त्या आयपीवर कोणीतरी आहे, पण ते पोर्ट बंद आहे, म्हणजे कॅमेऱ्यात आरटीएसपी चालू आहे का ते बघा. ‘नो रूट टू होस्ट’ म्हणजे तिथवर रस्ताच नाही: आयपी बदलला, केबल निघाली किंवा नेटवर्क वेगळं आहे. राउटरमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा आयपी राखून ठेवला की हा शेवटचा निरोप क्वचितच दिसतो.

फ्रिगेट आरटीएसपी मुळातच टीसीपीवरून (हरवलेला तुकडा पुन्हा मागणारी पद्धत) घेतं, व्हीएलसी मात्र आधी यूडीपी (हरवलं ते सोडून देणारी पद्धत) वापरतं. त्यामुळे वायफाय कॅमेऱ्याचं चित्र व्हीएलसीत करड्या रंगात फरफटलेलं दिसतं आणि फ्रिगेटमध्ये स्वच्छ येतं. घाबरू नका, व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये टीसीपी निवडून पुन्हा बघा.

फ्रिगेटसोबत येणारं गो-टू-आरटीसी, म्हणजे चित्र एकदा घेऊन सगळ्यांना वाटणारा प्रोग्राम, हा त्याचा हुकमी एक्का. ते तसं मांडून दिलं की कॅमेऱ्याकडे एकच जोडणी जाते आणि रेकॉर्डिंग, ओळख, मोबाइल सगळे तिच्यातून घेतात. स्वस्त कॅमेरे दोन-तीन जोडण्यांवरच धापा टाकतात. टॅपोमध्ये तर एसडी कार्ड, टॅपो केअर (कंपनीचं पैसे देऊन घ्यायचं क्लाउड रेकॉर्डिंग) आणि एनव्हीआर (फ्रिगेटसारखं बाहेरचं रेकॉर्डिंग) या तिघांपैकी एका वेळी दोनच चालतात. कार्डही आहे, केअरचं सदस्यत्वही आहे आणि फ्रिगेटला चित्र मिळत नाही, तर दोष फ्रिगेटचा नाही.

आता अशी एक अडचण जिथे तिन्ही सॉफ्टवेअर सारखीच हतबल आहेत. एनव्हीआरच्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याच्या, पाठीमागच्या पीओई पोर्टमध्ये (एकाच केबलमधून वीज आणि नेटवर्क देणाऱ्या) कॅमेरे थेट खोचलेले असतात, तेव्हा एनव्हीआर त्यांना स्वतःचं आतलं नेटवर्क देतो. तुमचा पीसी राउटरवर आणि कॅमेरे त्या आतल्या नेटवर्कवर, दोघांची भेट होणार कशी? शोध घेणारं बटण कितीही दाबा, काही सापडत नाही. पत्ता एनव्हीआरचा द्यायचा आणि चॅनेल बदलायचा: हिकव्हिजनमध्ये तिसऱ्या कॅमेऱ्यासाठी ३०१. सोसायट्यांमधल्या कोॲक्सवाल्या (टीव्हीच्या केबलसारखी गोल वायर) डीव्हीआरलाही हेच लागू. तिथे कॅमेऱ्याला आयपीच नसतो. नवीन बसवत असाल तर वेगळा पीओई स्विच घ्या आणि कॅमेरे त्याच्यावर ठेवा, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी वायरमनला बोलवावं लागणार नाही.

बाहेरून बघण्यासाठी राउटरवर ५५४ किंवा ८० उघडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पासवर्डशिवाय आत शिरता येईल अशी मोठी त्रुटी हिकव्हिजनच्या अनेक मॉडेल्समध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाली, आणि जुनं फर्मवेअर असलेले कॅमेरे आजही भिंतींवर आहेत. शिवाय बऱ्याच घरगुती जोडण्यांमागे सीजीनॅट (अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा आयपी) असल्याने पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. टेलस्केल किंवा वायरगार्ड (घराच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन) पीसीवर आणि मोबाइलवर टाका. तिन्ही सॉफ्टवेअर त्यातून चालतात, आणि एजंटच्या पोर्टलचे पैसे वाचतात ते वेगळेच.