नऊ महिने एचफाइव्हपी: ‘रीयूज’ बटणावर जीव जडला, पण लायसन्सचा रकाना आधी भरा

नऊ महिने मी एचफाइव्हपी, म्हणजे ब्राउझरमध्ये सोडवायचे सराव बनवायचं साधन, वापरतेय. महिन्यापूर्वी एका अनोळखी शिक्षिकेचा मेल आला. “तुमचा अपूर्णांकांचा सराव डाउनलोड केलाय. थोडा बदलून माझ्या वर्गाला दिला तर चालेल का?” मी चक्रावले. सगळं खुलंच तर ठेवलंय, मग परवानगी कशाला? फाइल उघडून बघितली, तर लायसन्सच्या (वापराच्या परवान्याच्या) रकान्यात ‘अनडिस्क्लोज्ड’, म्हणजे ‘जाहीर केलेलं नाही’. आपण काही निवडलं नाही की तिथे तेच राहतं. आणि काहीच जाहीर केलं नाही तर कॉपीराइट आपोआप पूर्ण लागू होतो, नोंदणीसुद्धा लागत नाही. म्हणजे फाइल तिच्या हातात, पण बदलून वाटायचा हक्क नाही. तिने विचारलं तेच बरोबर होतं.

मी एचफाइव्हपीकडे वळले ते आधीच्या एका पैसे घेणाऱ्या क्विझ-सेवेला वैतागून. वर्गणी संपली आणि दोन वर्षांचे प्रश्न आत अडकले. एक्स्पोर्टची सोयच नव्हती. छापील प्रतींवरून एकेक प्रश्न पुन्हा टाइप केला, तेही माझेच! म्हणून इथल्या ‘रीयूज’ बटणाचं मला इतकं अप्रूप. एका क्लिकवर अख्खी फाइल उतरते. ती मुळात झिपच असते, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं. एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटची अक्षरं) बदलून उघडली की आतल्या फाइलमध्ये आपले प्रश्न साध्या अक्षरांत वाचता येतात. मूडलमध्ये (ऑनलाइन वर्ग चालवायच्या प्रणालीत) २०२०च्या ३.९ आवृत्तीपासून एचफाइव्हपीचा उपक्रम अंगभूत आहे, वेगळा खर्च नाही.

तिसऱ्या महिन्यात मात्र मी हेच बटण रागाने बंद केलं होतं. एका विद्यार्थ्याने फाइल उघडून उत्तरं वाचली. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, “मॅडम, सातव्या प्रश्नात ३/४ आणि ६/८ दोन्ही बरोबर आहेत, तुम्ही एकालाच टिक केलंय.” खरंच होतं. शंभरावर मुलांनी तो सराव सोडवला होता, चूक कुणी दाखवली नव्हती. त्याच संध्याकाळी बटण परत चालू केलं. तसंही बटण लपवून उपयोग नाही, उत्तरं ब्राउझरपर्यंत पोचतातच. गुणांच्या परीक्षेला हे वापरू नका, सरावाला बिनधास्त वापरा.

त्या मेलनंतर ६४ फाइलींना लायसन्स लावायला बसले. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या तयार खुल्या लायसन्सांपैकी सीसी बाय-एसए ४.० निवडलं: नाव द्या, बदला, पण बदललेलंही याच अटीवर वाटा. मजकुराचं काम पटकन झालं. चित्रांनी घाम काढला, कारण प्रत्येक चित्राचं ‘एडिट कॉपीराइट’ वेगळं उघडावं लागतं. अकरा चित्रं कुठून घेतली तेच आठवेना, ती काढून टाकली. एक चित्र बाय-एनडी लायसन्सचं निघालं. त्यात बदल करून वाटता येत नाही, आणि मी ते कापून वर बाण काढले होते. तेही काढलं.

आता मुलांनाही प्रकल्पातल्या प्रत्येक चित्राखाली निर्मात्याचं नाव, दुवा आणि लायसन्स लिहायला लावते. आधी सरसकट ‘स्रोत: गूगल’ असायचं. पहिल्या दिवशी तासभर फक्त एका झाडाच्या फोटोचा मूळ धनी शोधण्यात गेला, आणि तो तास मला अजिबात वाया गेला असं वाटत नाही.

त्या शिक्षिकेला लायसन्स लावलेली फाइल पाठवली. परवा तिची आवृत्ती आली: अक्षर मोठं, चुकलेल्या उत्तराला एक इशारा, आणि सातवा प्रश्न नव्याने मांडलेला. सोमवारपासून माझ्या वर्गात तिचीच फाइल लावणार आहे. माझ्या १९ फाइली अजून बाकी आहेत, रोज दोन करतेय.