दहा महिने लेअर वापरल्यावर: बल्ब विझवू नका, फ्रीझ करा

परवा ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमधल्या एका तीन मजली इमारतीच्या ड्रॉइंगमधले फायर अलार्मचे ४६ डिटेक्टर गेले. लपले नव्हते, पुसलेच गेले होते आणि पुसणारा मीच.

लायटिंग नव्याने काढायचं होतं. अलार्मचा लेअर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखा ड्रॉइंगचा एक थर) मध्ये येत होता म्हणून यादीतला त्याच्यापुढचा बल्ब विझवला, म्हणजे तो ऑफ करून नजरेआड केला. पॉवरचा आधीपासून फ्रीझ होता, म्हणजे नजरेआड आणि निवडीबाहेरही; आर्किटेक्टच्या एक्सरेफचा (बाहेरून जोडलेल्या त्याच्या फाइलचा) लेअर लॉक होता. कंट्रोल-ए (सगळं निवडा), डिलीट. जुने दिवे गेले, भिंती जागेवर, सगळं ठीक वाटलं. दोन दिवसांनी अलार्मचा लेअर उघडला तर रिकामा. कंट्रोल-ए फक्त फ्रीझ आणि लॉक केलेल्या लेअरना सोडतं. ऑफ केलेलं दिसत नसलं तरी निवडलं जातं. मधल्या सेव्हमुळे बॅकअपची फाइलही कामाची राहिली नव्हती. जुना प्रिंट शेजारी ठेवून एकेक डिटेक्टर परत बसवला.

इतके महिने मी ऑफच वापरत होतो. थॉ करताना, म्हणजे फ्रीझ काढताना, ड्रॉइंग रीजनरेट होतं (स्क्रीनवर पुन्हा नव्याने मांडलं जातं), तेवढा वेळ वाचावा म्हणून. खरं तर हल्लीच्या मशीनवर तो वेळ जाणवतसुद्धा नाही. म्हणजे काहीच न वाचवता मी धोका पत्करत होतो, याचाच जास्त राग येतो.

ब्लॉकचंही तसंच. चिन्ह लेअर ० वर काढून त्याचा ब्लॉक केला (एकच वस्तू म्हणून साठवलं) की ते ज्या लेअरवर ठेवाल त्याचा रंग घेतं. पण बाहेरून आणलेल्या ब्लॉकच्या आतल्या रेषा भलत्याच लेअरवर असतात. ब्लॉक ज्या लेअरवर ठेवलाय तो ऑफ केला तरी त्या रेषा दिसत राहतात. फ्रीझ केला तर अख्खा ब्लॉक जातो.

ऑफ अगदीच टाकाऊ आहे असं लिहिणार होतो, पण तसं नाही. एखाद्या दिव्याखाली काय दडलंय ते बघायला क्षणभर बल्ब विझवणं सोयीचं आहे. फक्त तसं ठेवून डिलीटला हात लावू नका.

बाकी लेअरवर माझा जीव जडलाय तो व्ह्यूपोर्ट फ्रीझमुळे. व्ह्यूपोर्ट म्हणजे छापायच्या शीटवरची मॉडेल दाखवणारी खिडकी; लेअर फक्त त्या खिडकीपुरता फ्रीझ करता येतो. मॉडेल एकच, लायटिंग, पॉवर आणि अलार्म अशा तीन शीट त्यातूनच निघतात. आर्किटेक्टने टॉयलेटची भिंत सरकवली, एक्सरेफ रीलोड केला आणि तिन्ही शीटवर भिंत सरकली. पूर्वी हे तीन फायलींत वेगवेगळं करायचो. व्हिजरिटेन नावाचं सेटिंग १ ठेवलं तर एक्सरेफच्या लेअरना दिलेला फिकट राखाडी रंगही रीलोडनंतर टिकतो.

डेफपॉइंट्स या आपोआप तयार होणाऱ्या लेअरवर काही काढू नका, ते स्क्रीनवर दिसतं पण छापलं जात नाही.

एक त्रास मात्र होता. नवा लेअर केला की तो जुन्या सगळ्या व्ह्यूपोर्टमध्ये उगवायचा, मग लायटिंगच्या शीटवर सीसीटीव्हीच्या केबल. लेअर मॅनेजरमध्ये नव्या लेअरच्या बटणाशेजारीच दुसरं बटण आहे: नवा लेअर सगळ्या व्ह्यूपोर्टमध्ये फ्रीझ होऊनच जन्मतो. मला ते नवव्या महिन्यात दिसलं.