पगारपत्रकात बसवलेली सवलत: दक्षिण आफ्रिकेची तरुण रोजगार योजना, सोलापुरी हिशेबाने तपासलेली

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचं हजेरी बुक उघडा. पाळी सापडेल, नग सापडतील, उचल सापडेल. तास सापडणार नाहीत. दक्षिण आफ्रिकेची 'एम्प्लॉयमेंट टॅक्स इन्सेंटिव्ह' ही योजना मात्र सगळी तासांवरच उभी आहे, त्यामुळे इथल्या माणसाने ती वाचताना पहिला खडा तिथेच लागतो. तरीही योजना वाचण्यासारखी आहे. मालकाने तरुण पोरं कामावर घ्यावीत म्हणून सरकारने पैसे मोजायचे, आणि तेही अर्ज-फाईल-समिती यातलं काही न करता, हे त्यांनी बऱ्यापैकी जमवलंय.

योजना १ जानेवारी २०१४ पासून चालू आहे. वय १८ ते २९, कामगार नवा, एका मालकाकडे जास्तीत जास्त २४ महिने. घरकामाच्या बाईसाठी ही सवलत मिळत नाही. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या ठरावीक कारखान्यांना वयाची अट नाही. मालक दरमहा कामगारांच्या पगारातून कापलेला आयकर भरतो, त्याचं ईएमपी-२०१ नावाचं विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत जातं. त्यातच सवलतीचे रकाने आहेत: मागून आलेली किती, या महिन्याची किती, वापरली किती. वापरलेली रक्कम वजा करून उरलेला कर भरायचा. एवढंच. "साहेब, आमचं अनुदान कुठपर्यंत आलं?" असं विचारत फिरायचं काम नाही. आमच्या मते या योजनेचे अर्धे गुण या एका गोष्टीला.

आता आकडे, तिथल्या रँड या चलनात. १ एप्रिल २०२५ पासूनचा दर असा: महिन्याचा पगार २,५०० रँडच्या खाली असेल तर पगाराच्या ६० टक्के, २,५०० ते ५,४९९ पर्यंत सरसकट १,५०० रँड, ५,५०० पासून पुढे प्रत्येक जादा रँडमागे ७५ सेंट कमी होत होत ७,५०० ला शून्य. दुसऱ्या वर्षी सगळं निम्मं. ५,७०० पगाराच्या पोरावर पहिल्या वर्षी १,५०० वजा १५०, म्हणजे १,३५० रँड सुटतात. पगारवाढ दिली की सवलत घटते, पण एकदम तुटत नाही, हे चांगलं केलंय. नाहीतर मालक पगार मर्यादेच्या एक रुपया खाली अडकवून ठेवतो, हे कुणाला शिकवायला नको.

चूक होते ती अर्धवेळ माणसात. महिन्यात १६० तासांपेक्षा कमी काम झालं असेल तर आधी पगार १६० तासांवर फुगवायचा, त्यावर सवलत काढायची आणि मग ती पुन्हा तासांच्या प्रमाणात खाली आणायची. ८० तास, ताशी ३० रँड, पगार २,४००. नवखा कारकून थेट ६० टक्के लावून १,४४० लिहून मोकळा होतो. बरोबर उत्तर ७५०: पगार फुगवून ४,८००, त्यावर १,५००, त्याचे निम्मे. जवळजवळ दुप्पट मागणी गेली, आणि पडताळणीत ती परत करावी लागते. किमान वेतनापेक्षा कमी पगार देऊन सवलत घेतली तर घेतली तेवढाच दंड. जुन्या माणसाला काढून त्याच्या जागी सवलतीचा पोरगा बसवला तर माणशी ३०,००० रँड दंड.

खरी गोम मात्र दुसरीकडेच आहे. सवलत वजा होते ती भरायच्या आयकरातून. पण तिथे २०२५-२६ च्या करवर्षात वर्षाला ९५,७५० रँडपर्यंत (६५ वर्षांखालच्यांना) आयकरच लागत नव्हता, म्हणजे महिन्याला साधारण ७,९७९. सवलतीचा कामगार तर ७,५०० च्या आतला. त्याच्या स्वतःच्या पगारातून कर कापलाच जात नाही! मग वजा कशातून करायचं? मॅनेजरच्या, अकाउंटंटच्या करातून. ज्याच्याकडे असे मोठ्या पगाराचे लोक आहेत त्या कंपनीला पैसे त्याच महिन्यात सुटतात. ज्याच्याकडे आठ पोरं आणि मालक स्वतः, त्याची रक्कम पुढच्या महिन्यात ओढली जाते आणि सहामाही ताळमेळ झाल्यावर परत मिळते. तेव्हा विवरणपत्रं किंवा कर थकलेला असेल तर तीही अडकते. म्हणजे ज्याला दरमहा रोख हवी तोच थांबतो.

सोलापूरच्या यंत्रमागवाल्याला हे वेगळं सांगायला नको. आपल्या केंद्राची 'पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजना' १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ मध्ये लागलेल्या कामगारांसाठी आहे. मालकाला माणशी महिना ३,००० रुपयांपर्यंत, दोन वर्षं. उत्पादन क्षेत्राला चार वर्षं, म्हणजे टॉवेल-चादरवाल्यांना दुप्पट मुदत. पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्याला १५,००० पर्यंत, दोन हप्त्यांत. कामगाराच्या हातात काहीतरी पडतं, इथे आपली योजना सरस. त्यांच्याकडे पोराला पत्ताही नसतो की आपल्या नावावर मालकाने सवलत घेतली. पण आपली योजना चालते पीएफच्या खात्यावर, आणि वीस माणसांच्या आतल्या कारखान्याला पीएफ सक्तीचा नाही. ५० च्या आतल्या मालकाने दोन माणसं वाढवायची, नवा माणूस सहा महिने टिकला पाहिजे. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा जाणता कारागीर, टिकतो. कांडीवर (सूत गुंडाळायला) बसलेला पोरगा सहा महिने टिकेल याची हमी कोण देणार?

त्यांच्याकडे लबाडीही झाली, आणि चांगली जोरात. विद्यार्थ्यांना कागदोपत्री कामगार दाखवायचं, पगार म्हणून शिक्षणाचा खर्च दाखवायचा, काम शून्य, सवलत पूर्ण. २०२२ पासून कायद्यातली 'कामगार' ही व्याख्या घट्ट केली: प्रत्यक्ष काम केलं असलं पाहिजे. आठ वर्षं लागली या एका वाक्याला.

परिणाम किती झाला? योजनेच्या पहिल्या सहा महिन्यांवर केप टाऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी अभ्यास केला, त्यात तरुणांच्या रोजगारात लक्षात येण्याजोगी वाढ दिसली नाही. सहा महिने कमी, हे मान्य. पण मालक ज्यांना घेणारच होता त्यांच्यावरही सवलत मिळते, हा दोष रचनेतच आहे. आपल्या योजनेतली 'दोन माणसं जादा' ही अट त्याच भोकाला लावलेलं ठिगळ आहे, आणि ते बरं ठिगळ आहे. पाचपैकी गुण द्यायचे तर विवरणपत्राच्या सोयीला साडेचार, छोट्या मालकासाठी दोन.

मालकाची बाजू झाली, पोरांच्या बाजूने तिथे 'एसए यूथ' आहे. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी जाहीर केलेल्या तरुण रोजगार कार्यक्रमाचं हे संकेतस्थळ, चालवते हरंबी ही संस्था. फोनमध्ये डेटा नसला तरी उघडतं, नोंदणीला पैसे नाहीत. महिन्याच्या शेवटी रिचार्ज संपलेल्या पोराला फॉर्म भरता येणं ही साधी गोष्ट नाही; आपल्याकडे त्याच फॉर्मसाठी सायबर कॅफेवाल्याला पैसे मोजावे लागतात. शाळांमध्ये मदतनीस म्हणून घेतलेल्या तरुणांचे अर्जही याच संकेतस्थळावरून गेले. ती कामं मात्र ठरावीक महिन्यांच्या कराराची. करार संपला की पोरगा परत त्याच पानावर, लॉगिन तेच.