बिल भरायचे की घराच्या फटी बुजवायच्या?
अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला घर उबदार ठेवण्यासाठी केंद्र सरकारच्या दोन योजना आहेत. 1981 पासूनची लाइहीप (LIHEAP) ही ऊर्जा-बिलासाठी मदत देणारी योजना राज्यांमार्फत चालते आणि बिलाची काही रक्कम बहुधा थेट वीज वा गॅस कंपनीकडे भरते. पुरवठा तोडण्याची नोटीस आली असेल किंवा घर तापवण्यासाठी टाकीत साठवलेले तेल संपत आले असेल, तर तातडीची मदतही तिच्यातूनच मिळते. मात्र निधी मर्यादित असतो आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा अर्ज करावा लागतो.

1976 मध्ये सुरू झालेली वेदरायझेशन योजना बिलाला हात लावत नाही, घराला लावते. तंत्रज्ञ दाराच्या चौकटीत मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतो, तेव्हा खिडकीच्या कडेने, इतकेच काय, भिंतीतल्या सॉकेटमधूनही येणारा गार झोत हाताला लागतो. मग फटी बुजवणे, माळ्यावर उष्णतारोधक थर घालणे, फर्नेस (घर तापवणारी भट्टी) दुरुस्त करणे ही कामे विनामूल्य होतात. अडचण प्रतीक्षायादीची, आणि भाडेकरूंना घरमालकाच्या परवानगीची. म्हणून नोटीस हाती असेल तर आधी लाइहीपचाच अर्ज करावा आणि त्याच फेरीत वेदरायझेशनसाठीही नाव नोंदवून ठेवावे. एकीचा लाभ घेतल्याने दुसरीचा हक्क जात नाही.