लाकूड फोडायच्या जुन्या मशीनला नवं इंजिन: पेट्रोल, डिझेल की मोटर?

बाभळीचा गाठाळ ओंडका पाचरीला टेकतो, इंजिनाचा आवाज बसतो आणि मशीन गप्प होतं. वखारीत, म्हणजे आपल्या इंदुरी बोलीत पीठ्यावर, निकाल तिथल्या तिथे लागतो: इंजिन म्हातारं झालं, बदला. पैसे मोजण्याआधी मशीन नेमकं कुठल्या क्षणी बंद पडतं ते बघून घ्या.

स्प्लिटरवर, म्हणजे लाकूड फोडायच्या या मशीनवर, बहुतेक वेळा दोन टप्प्यांचा गिअर पंप असतो: इंजिन तो फिरवतं, तो सिलिंडरमध्ये तेल ढकलतो आणि सिलिंडर पाचर पुढे रेटतो. पाचर रिकामी पुढे सरकते तेव्हा गिअरच्या दोन्ही जोड्या तेल ढकलतात. लाकडाचा विरोध लागून दाब साधारण ३० ते ४५ बारवर गेला की मोठी जोडी सुटी होते आणि छोटी एकटीच पुढचा दाब चढवते. इंजिन नेमकं या बदलाला गुदमरत असेल, तर मोठी जोडी सुटी करणारा पंपावरचा अनलोडिंग व्हॉल्व्ह अडकलाय किंवा जास्त आवळलाय. सिलिंडर पूर्ण उघडून दाब टोकाला गेल्यावर बंद पडत असेल, तर जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह तपासा. जास्त जोर मिळावा म्हणून तो कुणीतरी पिळलेला असतो. या दोन्ही दोषांवर नवं कोरं इंजिनही तसंच बंद पडेल. दोरी ओढताना हाताला दाबच लागत नाही, निळा धूर येतो, रिकामं चालतानाही धाप लागते, अशा इंजिनाला मात्र निरोप द्यायला हरकत नाही.

आता हिशेब. जुन्या इंजिनावरच्या स्टिकरचे हॉर्सपॉवर विसरा. आधीच्या काळातले आकडे ढोबळ (ग्रॉस, निव्वळपेक्षा जास्त दिसणाऱ्या) मापाचे असत, आणि चिनी इंजिनावरचे आजही असतात. इंजिन ठरतं पंपावरून. सूत्र सोपं आहे: मिनिटाला लिटर गुणिले बार, भागिले ६००, म्हणजे किलोवॅट. छोट्या स्प्लिटरवर बहुधा ११ गॅलनचा, म्हणजे मिनिटाला ११ गॅलन तेल देणारा, पंप असतो. हा आकडा ३६०० फेऱ्यांचा, म्हणजे मिनिटाला साधारण ४१ लिटर. जास्त दाबाच्या टप्प्यात तो १०.५ लिटरच्या आसपास देतो. टोकाच्या १७२ बार दाबाला ३ किलोवॅट झाले, पंपातली घट धरून ३.६. पंपाची प्लेट पुसली गेली असेल तर घड्याळ लावा. १०० मि.मी. बोअर (आतला व्यास) आणि ६०० मि.मी. स्ट्रोकच्या (सरकण्याच्या लांबीच्या) सिलिंडरमध्ये ४.७ लिटर तेल मावतं; पूर्ण वेगात रिकामी पाचर सात सेकंदांत टोकाला जात असेल, तर पंप ११ गॅलनचाच. जोर इंजिनावर अवलंबून नसतो, हेही इथेच कळतं: त्या सिलिंडरला १७२ बारवर साडेतेरा टनांच्या आसपास जोर मिळतो, इंजिन कुठलंही असो. मोठ्या इंजिनाने ओंडका जास्त जोरात फुटत नाही.

पेट्रोलमध्ये या पंपाला १९६ सीसीचं आडव्या शाफ्टचं इंजिन हे सरळ उत्तर. होंडाचं जीएक्स२०० घेतलं तर ३६०० फेऱ्यांवर निव्वळ ४.१ किलोवॅट, वजन १६ किलो. पण हा आकडा समुद्रसपाटीचा. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे आणि दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के ताकद जाते. म्हणजे उरले ३.८५ च्या आसपास, आणि मे महिन्याच्या दुपारी त्याहून कमी. पुरतं, पण काठावर. त्यामुळे १६३ सीसीचं, ‘साडेपाच एचपी’ लिहिलेलं स्वस्त इंजिन या पंपाला लावू नका. पंप १३ गॅलनचा असेल तर थेट २७० सीसीकडे जा.

त्याच मापाचं चिनी इंजिन निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळतं. ते वाईट असतं असं सरसकट म्हणता येत नाही. ब्लॉक आणि क्रँक ठीक असतात. त्रास देतात कार्बोरेटर, इग्निशन कॉइल आणि दोरीचा स्टार्टर, आणि हे तिन्ही सुटे भाग सियागंजसारख्या बाजारात स्वस्तात मिळतात. आठवड्यातून दोन दिवस चालणाऱ्या मशीनला ते पुरे. रोज चालवायचं आणि एक दिवसही बंद ठेवणं परवडत नसेल तर जास्तीचे पैसे ओरिजिनलमध्ये घाला. दोन्हींना शत्रू एकच: पेट्रोल पंपावर मिळणारं वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल. इथेनॉल ओल धरतं. पावसाळ्यात मशीन दोन महिने उभं राहिलं की कार्बोरेटरच्या वाटीत पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं आणि जेट पांढऱ्या चिकट्याने बुजतो. खरेदी करताना इंजिन इ-२० पेट्रोलला चालतं का ते विचारा, आणि मशीन झाकून ठेवण्याआधी टाकीचा कॉक बंद करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

खरी फसगत शाफ्टवर होते. १९६ सीसी इंजिन दोन शाफ्टमध्ये येतं: पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मि.मी., आणि २० मि.मी. डोळ्याला दोन्ही सारखेच. पाऊण इंचीवर २० चं कपलिंग (इंजिन आणि पंपाचे शाफ्ट जोडणारा भाग) चढवलं तर जवळजवळ एक मि.मी. ढिलाई राहते, ते डगमगतं आणि थोड्याच वेळात चावी, म्हणजे शाफ्ट आणि कपलिंगला एकत्र धरणारा लोखंडी तुकडा, कापली जाते. चाव्याही वेगळ्या असू शकतात; पाऊण इंचीला ३/१६ इंची असते, २० ची मापूनच घ्या. याहून लबाड जोडी २५ आणि २५.४ ची. बाहेरून आलेल्या जुन्या मोठ्या इंजिनाचा शाफ्ट एक इंची असतो, नवं इंजिन मिळतं २५ मि.मी.चं. जुनं कपलिंग त्यावर बसतं, ग्रब स्क्रू आवळला की घट्टही वाटतं. काही तास चाललं की कपलिंगच्या तोंडाशी गंजासारखी लालसर भुकटी दिसू लागते. ती दिसली की बोअर आतून झिजतोय असं समजा. व्हर्नियर घेऊन शाफ्ट मापा आणि इंजिनाकडचं अर्धं कपलिंगच नवं घ्या. सांवेर रोडवरचा कुठलाही टर्नर पायलट बोअरचं, म्हणजे आधी लहान भोक असलेलं, लव्हजॉय कपलिंग हव्या त्या मापाला करून देतो, चावीच्या खाचेसकट. लेथवर शाफ्ट उतरवून घेण्याच्या भानगडीत पडू नका.

डिझेल. वखारीत याचंच आकर्षण जास्त. रोज पाच-सहा तास चालणार असेल तर इंधनाची बचत खरी आहे, आणि इथेनॉलची कटकट नाही. पण हवेवर थंड होणारं १८६ जातीचं इंजिन ४८ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे पेट्रोलच्या तिप्पट, आणि एकाच सिलिंडरचा धक्का सगळा बेडवर, म्हणजे इंजिनाखालच्या बैठकीवर, येतो. जुन्या स्प्लिटरचा पंप इंजिनाच्या तोंडावर ब्रॅकेटने टांगलेला असतो. डिझेलच्या हादऱ्याने आधी ब्रॅकेटचे बोल्ट ढिले होतात, मग वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर दिसते. बेडखाली चॅनेलचा आडवा तुकडा टाकून घ्यायची तयारी नसेल तर डिझेल नको. शिवाय याचे काही प्रकार कॅमशाफ्टवरून निम्म्या वेगाने, उलट्या दिशेला फिरतात. पंप उलटा फिरला की त्याचं सील पहिल्या मिनिटात बाहेर येतं. दुकानात शाफ्टची दिशा विचारून थांबू नका, इंजिन चालवून बघा. नेहमीची पेट्रोल इंजिनं शाफ्टच्या बाजूने बघितल्यावर घड्याळाच्या उलट फिरतात.

मशीन एकाच जागी उभं असेल आणि तीन फेज वीज असेल, तर आमचं मत इंजिन न घेण्याचं आहे. मोटर घ्या. मात्र तिचा वेग समजून घ्या. आपल्या ५० हर्ट्झवर चार पोलची मोटर १४४० फेऱ्यांवर चालते आणि दोन पोलची २८८० वर. तोच ११ गॅलनचा पंप १४४० वर मिनिटाला साडेसोळा लिटर देईल. सात सेकंदांचं काम सतरा सेकंदांवर जाईल आणि फोडणारा माणूस वैतागेल. दोन पोलवर साडेआठ सेकंद लागतात, हे चालतं. तिथे शेवटच्या दाबाला जवळजवळ २.९ किलोवॅट लागतात, म्हणून ३ एचपीऐवजी ५ एचपी घ्यावी. चार पोलची मोटर आधीच पडून असेल तर पंप मोठा करावा लागेल. खर्चाचा अंदाज असा: पेट्रोल इंजिन तासाला लिटरभर पितं, आणि इंदुरात लिटर शंभरावर आहे, मोटर त्याच कामाला दीड-दोन युनिटं घेते. दिशा चुकली तर दोन फेज अदलाबदल केल्या की झालं, पण कपलिंग जोडण्याआधी क्षणभर चालू करून बघून घ्या.

सिंगल फेजवर ३ एचपी ओढायचा मोह टाळा. चालताना पंधरा अँपिअर, सुरू होताना त्याच्या पाचपट; तीस मीटर लांब दीड चौरस मि.मी. वायरवर सुरुवातीला पन्नासेक व्होल्ट वायरीतच जातात आणि मोटर नुसती हुंकार देत बसते. नाइलाजच असेल तर किमान चार चौरस मि.मी. वायर. ओव्हरलोड रिले, अर्थिंग आणि गळती पकडणारा ब्रेकर दोन्ही प्रकारांत हवाच, पायाखाली ओल असते.

बसवताना जुन्या बेडची भोकं मोजा. १९६ सीसीच्या पायाची भोकं साधारण १६२ बाय ७६ मि.मी.वर असतात आणि शाफ्टची उंची १०६. २७० सीसीपासून पुढे उंची १३२ होते, म्हणून पंप वेगळ्या स्टँडवर असेल तर त्याखाली पॅकिंग लागेल. तोंडावर टांगलेला असेल तर उंचीचा प्रश्न येत नाही. तिथे चार आटे इंची आहेत की मेट्रिक एवढंच बघायचं. कपलिंगच्या दोन भागांत दोन मि.मी. फट ठेवा. फट न ठेवता ठोकून बसवलं तर गरम झाल्यावर शाफ्ट पंपाच्या बेअरिंगवर रेटतो.

नवं इंजिन खोक्यातून कोरडं येतं. आधी १०W-३० तेल ६०० मि.ली. घाला, मगच दोरीला हात लावा. पहिलं तेल वीस तासांनी बदला, त्यात चमकणारी बारीक कणी दिसली तर घाबरू नका, पहिल्या वेळी ती असतेच. हायड्रॉलिक टाकीत उन्हाळ्यात ६८ नंबरचं तेल. पंप शिट्टीसारखा ओरडत असेल आणि टाकीत फेस दिसत असेल, तर सक्शनच्या पाइपाची क्लिप आवळा, हवा तिथूनच ओढली जातेय.